तेहतीस अंशांवरचा सुळका

सुकुमार,

तुझ्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसून तुला शिव्या देत होतो. मनातल्या मनातच, पण ओठ हलत असावेत. शेजारी बसलेल्या ग्रंथपालबाईंना वाटलं मी काही स्तोत्र म्हणतोय. त्यांनीही डोळे मिटून हात जोडले. पुढे टेबलावर तुझा फोटो. बहुतेक ओळखपत्रावरचा असावा, कारण त्यात तू आत्ताच कुणीतरी चोरी पकडल्यासारखा दिसतोस. त्याला झेंडूचा हार, समोर उदबत्ती, आणि एकेक जण उठून सांगतोय की तू किती शांत होतास. शांत! ओला चमचा तराजूवर ठेवला म्हणून अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल असं मला "बैला" म्हणणारा माणूस शांत. "मृदुभाषी" असाही एक शब्द आला. तो आपल्या विभागप्रमुखांनी काढला. मी मान वर करून फोटोकडे बघितलं, तुला तरी हसू येतंय का म्हणून.

मग माझं नाव पुकारलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात असतं, तुला माहीत आहे. माइक हातात आला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आजच्या या मंगल प्रसंगी..." सभा गार. सावरायला म्हणून मी "म्हणजे, जमलेल्या सर्व मान्यवरांचं स्वागत" असं म्हणालो आणि खड्डा आणखी खोल केला. पुढे काही बोलताच येईना. खाली येऊन बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं वाचा गेली. रागानं गेली होती. अशी फजिती झाली की ती तिखटमीठ लावून ज्याला सांगायची, तोच समोर हार घालून बसला होता.

सभेच्या शेवटी विभागप्रमुखांनी जाहीर केलं की कॉलेजच्या वार्षिकाचा स्मृतिविशेषांक निघेल आणि त्यात तुझा शेवटचा शोधलेख छापला जाईल. सहलेखक अर्थातच मी. शोकसभेत टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. दोन-चार वाजल्या, मग विरल्या. तिथून पुढे काय काय झालं ते तुला सांगायचंय. तुला सांगितल्याशिवाय एखादी गोष्ट पुरती घडली असं मला अजून वाटत नाही, आणि याचाही मला राग येतो.

तुझं घर आष्ट्याचं, उसाचं रान आणि त्यातच गुऱ्हाळ. माझं गाव कोरेगावच्या बाजूचं, वाघ्या घेवड्याचं. सांगलीच्या या कॉलेजात आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आलो आणि तुझ्याच डोक्यात सॉल-जेल शिरलं. माझ्या डोक्यात तेव्हा बढती होती. निकेल, जस्त आणि लोखंड यांचे क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात सायट्रिक आम्ल घालायचं, थेंबाथेंबानं अमोनिया सोडायचा आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. पाणी उडत जातं, द्रावण दाट होत जातं आणि एका घडीला वाहायचंच थांबतं. तो जेल. आणखी तापवला की तो फुगतो, आतल्या आत पेट घेतो आणि मागे उरते मऊ, काळपट राख. ती भट्टीत भाजली की तीन धातूंचा मिळून एकच ऑक्साईड. तू पहिल्यांदा बीकर तिरका करून ती तार बघितलीस आणि म्हणालास, "काकवी हाय गड्या! आमच्या गुऱ्हाळातली काकवी." त्यानंतर वर्गातही तू तिला काकवीच म्हणत आलास आणि पोरंही परीक्षेत काकवी लिहून आली.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया गळायला लागला तर माणसाच्या नाकाआधी कळावं, असा स्वस्त सेन्सर या भुकटीतून करायचा, हे तुझं स्वप्न. मला ते फार मोठं वाटायचं. तुला ते फार साधं वाटायचं. "लोक मरत्यात रं त्या वासानं. आपल्याला येतंय, तर करूया की." मरणाबद्दल तू इतक्या सहज बोलायचास, जणू ते नेहमी दुसऱ्याच्या गोदामात असतं.

माझ्या हातून झालेले घोटाळे तू चवीनं सांगायचास, आता मलाच सांगायला हवेत. तपासणी कमिटी आली त्या दिवशी मी जेल लहान बीकरमध्ये ठेवला. तू सांगितलं होतंस, मोठं भांडं घे, ते फुगतं. मी म्हटलं, फुगून फुगून किती फुगणार? कमिटी दारात आणि बीकरमधून राखेचा डोंगर उठला, पेटला, आणि त्याचे काळे पिसासारखे तुकडे पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर उडाले. कमिटीच्या अध्यक्षांचा शर्ट पांढराशुभ्र होता. होता. तू पुढे होऊन अत्यंत गंभीरपणे म्हणालास, "सर, ह्याला स्वयंज्वलन म्हणतात. आपल्या अंगावर जे पडलंय ते निकेल-जस्त फेराइट हाय." अध्यक्षांनी बाहीवरचा तुकडा चिमटीत धरून निरखला आणि शेऱ्यात लिहिलं, संशोधनाचं वातावरण जाणवलं.

आणि मिश्रीचं. ते तर तू सांगलीत कुणाला सांगायचं शिल्लक ठेवलं नव्हतंस. आपली भुकटी एक्स-रे आलेखासाठी बाहेरगावच्या यंत्रावर पाठवायची होती. सकाळी मी ती नेणार होतो, म्हणून रात्री घरी आणली आणि घट्ट झाकणाची डबी म्हणून एका रिकाम्या मिश्रीच्या डबीत भरली. आमच्या आत्या तेव्हा माझ्याकडे राहायला होत्या. त्यांच्याही मिश्रीची डबी तशीच, तीही खिडकीतच. सकाळी घाईत मी एक उचलली. आलेख आला तो सुळके नसलेला, नुसता एक बसका फुगवटा. तू तो आलेख भिंतीला चिकटवून बघत राहिलास. "रम्या, हे स्फटिकच न्हाई. अमॉर्फस हाय. आपल्या हाताला काय तरी वेगळंच लागलंय." तुझ्या डोळ्यांत तो आनंद मी फार थोड्या वेळा बघितला. तू त्यावर वाचायला सुरुवात केलीस. आणि इकडे घरी आत्या मला म्हणत होत्या, "रमेश, ही कसली रं मिशरी आनलीस? घासून घासून बोट झिजलं, पर डोकं काय हलंना!"

ते ऐकल्यावर मी तुला फोन केला. मग तू प्रयोगशाळेतला चुंबक घेऊन थेट घरी आलास. डबीशी चुंबक नेला तशी भुकटी साळिंदरासारखी उभी राहिली. मग तू आत्यांपुढे उकिडवा बसलास. "आत्या, आवं जरा आ करा." "कशाला रं?" "किती ऱ्हायलंय बघतो." आत्यांनी तुझा मुडदा बसवला. डॉक्टरांनी त्यांना चूळ भरायला लावून मला खडसावलं. आत्या अजून ठणठणीत आहेत. परवा तू गेल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "माज्या तोंडात लोकंड शोदत हुता त्यो? आरं द्येवा." आणि मग रडल्या. मला रडू आलं नव्हतं, त्यांचं ऐकून आलं.

खरी भुकटी पाठवल्यावर खरा आलेख आला आणि आपलं खरं भांडण सुरू झालं. एक्स-रेच्या आलेखात प्रत्येक पदार्थाचे सुळके ठरलेल्या अंशांवर उभे राहतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे. आपल्या भुकटीचे सगळे सुळके जागच्या जागी होते. फक्त तेहतीस अंशांवर एक बारका, बोटभर गवतासारखा, न बोलावता आलेला सुळका. ती जागा साध्या लोखंडाच्या ऑक्साईडची. म्हणजे गंजाचा भाऊबंद. म्हणजे थोडं लोखंड आपल्या मिश्रणात मिसळायचं सोडून वेगळी चूल मांडून बसलं होतं.

मी म्हणालो, "एवढंसं तर हाय. सोड. लेख पाठवून टाकू."

तू म्हणालास, "एवढंसं कशाचं?"

बास. हेच आपलं भांडण. पुढं कित्येक वर्षं याच दोन वाक्यांवर ते चाललं. तू आम्ल बदललंस, अमोनिया कमी-जास्त केलास, जस्त उडून जातंय म्हणून चिमूटभर वाढवून बघितलंस, काचेची भांडी पुन्हा पुन्हा धुतलीस. सुळका हलला नाही. मी म्हणायचो, आत्यांच्या मिश्रीचा शाप आहे. तुझा संशय मात्र माझ्यावर. तू दिवस मावळायच्या आत जेवणारा. डबा घेऊन तू स्टाफरूमला गेलास की मी हॉटप्लेटचा खटका पुढे सरकवतो, घाई करतो, त्यामुळे जेल एकसारखा बसत नाही आणि लोखंड वेगळं पडतं, असा तुझा आरोप. आरोप निम्मा खरा होता. खटका मी सरकवायचो, आणि तू परत आल्या आल्या, खोलीत पाऊल टाकायच्या आधी वासावरून ओळखायचास. "रम्या, हात लावलास." "न्हाई." "जळका वास येतोय." "माझ्या मनाचा असंल."

कितीदा सांगितलं तुला, की इतर लोक असले सुळके रेघेत दाबून टाकतात आणि प्राध्यापक होतात. तू म्हणायचास, "होऊ दे. त्यांच्या गोदामात आपला सेन्सर न्हाई बसवायचा." आपल्याहून मागून आलेले पुढे गेले. मला त्याचा त्रास झाला, तुला झाला नाही, आणि तुला झाला नाही याचा मला जास्त झाला.

आता मूळ रागाकडे येतो.

आठवतं ना, कँटीनमध्ये तू मिरजेच्या डॉक्टरांनी काढलेली हृदयाच्या आलेखाची पट्टी चहाच्या कपांमधून पसरलीस? चालताना छातीत जड होतं म्हणून वहिनींनी तुला बळंच नेलं होतं. तू एक्स-रेचा आलेख वाचतोस तसं त्यावरून बोट फिरवलंस. "बघ, सगळे सुळके जागच्या जागी. शुद्ध माल." मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एका ठिकाणी रेघ खाली बसल्यासारखी दिसली. मी विचारलं, "हे काय?"

तू म्हणालास, "एवढंसं तर हाय."

माझं वाक्य! आयुष्यभर ज्या वाक्यावरून तू माझी चामडी लोळवलीस, ते तू माझ्यासमोर, माझ्या चहाचे घोट घेत वापरलंस. मी म्हणालो, "एवढंसं कशाचं?" तू हसलास. "डॉक्टर म्हणत्यात अँजिओग्राफी करा. करूया की. ही एक खेप भट्टीतनं उतरू दे." ही खेप म्हणजे तुझी एकट्याची. माझा हात लागू न देता, सगळं सावकाश करून, माझ्या घाईनंच सुळका येतो हे तुला एकदाचं सिद्ध करायचं होतं. मी पेपर तपासायला साताऱ्याला जाणार होतो, ती संधी तू साधलीस.

दुपारी तुझा फोन आला. भट्टी चारशे अंशांवर उतरलीय म्हणालास. आवाज नेहमीचा नव्हता.

"काय झालंय?"

"छातीत गॅस धरलाय जरा. जिरा सोडा पिलोय."

"सुकुमार, रिक्षा कर आणि मिरजेला जा. आत्ता."

"मिरज काय पळून चाललीया? भट्टी सोडून कसं जाऊ? खटका अडकतो तिचा. मधीच काय झालं तर परत सगळं पहिल्यापास्नं."

"भट्टी गेली खड्ड्यात!"

"तू असा घाई करतोस म्हणूनच त्यो सुळका येतोय," म्हणालास आणि फोन ठेवलास.

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. टोमणा. मी कॉलेजच्या ऑफिसला फोन केला, त्यांनी तुला रिक्षात घातलं, वहिनींना कळवलं. मिरजेचा रस्ता संपायच्या आत तू संपलास. ज्या मिरजेत माणसं दूरदूरच्या गावांहून जीव वाचवायला येतात, तिच्या शेजारी राहून तुला तिथं वेळेवर पोचता आलं नाही. आणि कशासाठी? दार लावून खटका बंद करून गेला असतास तर ती भट्टी आपली आपण थंड झाली असती. तिला माणूस लागत नाही. तुला लागत होता.

तेराव्या की कितव्या दिवशी मी भट्टी उघडली, मोजलं नाही. तुम्हा जैनांत तेरावं वगैरे काही नसतं, मीच आपला मनातल्या मनात पाळत होतो. आत तुझी मूस तशीच. भुकटी पाठवली. या वेळी डबी काचेची, वर तुझ्या नावाची चिठ्ठी. आलेख आला. सगळे सुळके जागच्या जागी आणि तेहतीस अंशांवर तोच. तेवढाच. मान वर काढून.

ऐकतोयस? मी निर्दोष सुटलो. माझ्या घाईनं तो येत नव्हता. इतकी वर्षं "हात लावलास, हात लावलास" म्हणून माझं डोकं खाल्लंस, आणि हात न लावता, सावकाश, जीव देऊन भाजलेल्या भुकटीतही तो आहेच. मी जिंकलो, सुकुमार. ये आणि तोंड पाड. ये ना.

हा नवा आलेखही मी लेखाबरोबर दिला. चार दिवसांनी अंकाचं कच्चं पान फोनवर आलं. वर तुझा तो चोरासारखा फोटो, काळी चौकट, खाली आलेख. मी बोटांनी मोठा करून बघितला. तेहतीस अंशांवर रेघ सपाट होती. सारवलेल्या अंगणासारखी.

तडक विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेलो. ते वाईट माणूस नाहीत, हे तूच म्हणायचास. उठून मला खुर्ची दिली.

"बसा सर. आवडला का अंक?"

"तो सुळका कुठं गेला?"

"अहो, संगणकावर जरा रेघ साफ करून घेतली. असं बघा, स्मृतिअंक आहे. गेलेल्या माणसाच्या लेखात डाग कशाला?"

"डाग नव्हे सर. ते त्यांचं काम आहे. आयुष्य गेलंय त्या सुळक्यापायी."

"म्हणूनच म्हणतो मी! जिवंतपणी त्यांच्या हातून शुद्ध झालं नाही. निदान आता तरी ते शुद्ध दिसू दे. त्यांच्या मुलाबाळांना बरं वाटेल." आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि सर, राग मानू नका. हयातीत तुम्हीच म्हणत होता ना, एवढंसं आहे, सोडून द्या? अख्ख्या विभागाला ऐकू यायचं. आता मी सोडलं तर तुम्हीच भांडता?"

बोल, तूच सांग. तू मला कुठल्या जागी उभं करून गेलास बघ. ज्या सुळक्याविरुद्ध मी इतकी वर्षं वकिली केली, त्याचंच वकीलपत्र माझ्या हातात देऊन पसार. आणि पक्षकारही असा की त्याला विचारायची सोय नाही. मी म्हणालो, "मी भांडत होतो ते त्याच्याशी. तो उत्तर द्यायचा. हे उत्तर न देणाऱ्या माणसाच्या नावानं खोटं छापणं झालं."

"खोटं हा फार मोठा शब्द आहे," ते म्हणाले. "घरच्यांची संमती लागणारच आहे. वहिनींना विचारा. त्या म्हणतील तसं."

त्यांना वाटलं, वहिनी डोळे पुसून सही करतील. त्यांनी वहिनींना कुठं बघितलंय!

तुझ्या घराचा जिना चढून गेलो. वहिनी सुपात ज्वारी निवडत होत्या, जतहून त्यांच्या भावानं पाठवलेली. मला बघून "अय्य, भावजी, बसा" म्हणाल्या आणि सूप बाजूला केलं नाही. मी फोनवरचे दोन्ही आलेख दाखवले. हा खरा, हा सारवलेला.

"ह्यो त्योच न्हवं का? कोपऱ्यातला काटा?"

"व्हय वहिनी."

"घरात जेवताना बी ह्योच. पोरीच्या लग्नाच्या बोलणीत बी ह्योच. पाव्हनं हुंड्याचं नाव न घेता निघाले म्हणून मी खूश, तर हे म्हणत्यात, जस्त उडत असंल का गं?" हसू आलं त्यांना, मग चेहरा कडक झाला. "अन् ह्यांनी त्यो काढला व्हय? जित्या माणसाला आयुष्यभर निघाला न्हाई, अन् ह्यांनी मेल्यावर चिमट्यानं काढला? त्यास्नी म्हनावं, काटा काढायचा आसंल तर फोटू बी काढा. सपाट रेघंवर आमच्या मान्साचा फोटू नगं."

सहीचा कागद पुढे केला तर तो त्यांनी सुपात ठेवला, ज्वारीवर. सही केली नाही.

"आनि तुमी?"

"मी काय?"

"जिना चढून आलासा आनि दाराची चौकट धरून उभं ऱ्हायलासा. मी बघत हुते. धाप लागती न्हवं?"

"वहिनी, ते आपलं जरा..."

"म्हना. एवढंसं हाय, म्हना." त्यांचे डोळे भरले नव्हते, पेटले होते. "तुमी दोघांनी त्या भट्टीला जेवढं जपलं तेवढं आपापल्या छातीला जपलं आसतं, तर आज मी ही ज्वारी दोगांची निवडली आसती. आदी मिरजेला जाऊन छाती दाखवून या. मग सही."

तुझ्या बायकोनं मला ब्लॅकमेल केलं, सुकुमार. तुला कधी जमलं नाही, तिनं ज्वारी निवडता निवडता केलं. मी म्हटलं, जातो. शपथ घ्यायला लावली. मग सही केली. कागदावर मीच लिहिलं होतं, फोटो आणि सुळका, दोन्ही छापावेत. नाहीतर दोन्ही काढावेत. विभागप्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला.

"ठीक आहे. पण मग त्याखाली कारण तरी लिहा."

"कारण माहीत नाही."

"माहीत नाही असं कसं छापायचं?"

"असंच."

अंक आला आहे. पान सतरावं की अठरावं. आलेखात तेहतीस अंशांवर तो उभा आहे आणि खाली बारीक अक्षरात छापलंय: या ठिकाणी लोखंडाच्या ऑक्साईडचा छोटा सुळका दिसतो. त्याचे कारण लेखकांना सापडलेले नाही. 'लेखकांना' वाचून मला बरं वाटलं. तुला सापडलं नाही, मलाही नाही, म्हणून आपण दोघे अजून एका वाक्यात बसतोय. बाकी अंकात तू शांत, मृदुभाषी, अजातशत्रू वगैरे आहेस. ते मला रोखता आलं नाही.

आणि काल मिरजेला जाऊन आलो. छातीला तारा लावून, उघड्या अंगानं, थंड टेबलावर पडलो होतो, तेव्हा तुझा इतका राग आला की यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काका, श्वास सोडा. रेघ हलायला लागलीय." पट्टी घेऊन डॉक्टरांपुढे बसलो. तरुण होते. त्यांनी वरून खाली नजर टाकली आणि म्हणाले, "तसं घाबरण्यासारखं नाही. एके ठिकाणी थोडा बदल दिसतोय. एवढासा."

मी विचारलं, "एवढासा कशाचा?"

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे तो कशामुळे आलाय ते सांगा. कळत नसेल तर तसं लिहा. पण तो सपाट धरून पुढं जाऊ नका."

त्यांनी पट्टी परत उचलली, चष्मा लावला आणि त्या जागी पेनाची खूण केली. पुढची तपासणी सोमवारी ठरली आहे.

सोमवारी भट्टीत नवी खेप लावायची होती. जस्ताचा क्षार दुसऱ्या ठिकाणचा आणलाय, तुझी शेवटची शंका तीच होती. विद्यार्थिनी विचारत होती, सर, कधी लावायची? मी जाऊन भट्टीचा खटका बंद केला, दार लावलं आणि दारावर कागद चिकटवला: सोमवारी मी दवाखान्यात आहे. आल्यावर चालू करू.

आज सकाळी जाऊन बघितलं. भट्टी तिथंच होती. गार, बंद. काही बिघडलं नव्हतं.

थांबते रं ती. तुला कुणी सांगितलं होतं, ती थांबत नाही म्हणून?